भरतीरेषेच्या अल्याड-पल्याड: मालवण किनाऱ्यावरील भूमीवापराचा आणि संरक्षणधोरणाचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला असून देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांत तो विभागलेला आहे. त्यापैकी आचऱ्याच्या खाडीपासून कर्ली नदीच्या मुखापर्यंतचा मालवणचा पट्टा भूमीवापराच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. महसुली मोजणी, खारबंधारे, सागरी अभयारण्य, किनारा नियमन, पर्यटनाचे नियोजन आणि कांदळवनांचे संरक्षण अशी धोरणांची एकेक पुटे या पट्ट्यावर गेल्या दीडशे वर्षांत चढत गेली. या धोरणांचे हेतू परस्परांहून भिन्न, क्वचित परस्परविरोधीही होते. परंतु जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक धारक आणि एक वापर नेमून देण्याची पद्धत त्या सर्वांत समान राहिली. या किनाऱ्यावरील जीवन मात्र एकाच जागेच्या अनेक, ऋतूनुसार पालटणाऱ्या आणि आपसांतील संमतीवर चालणाऱ्या वापरांवर उभे होते. कागदावरची विभागणी आणि प्रत्यक्षातील वहिवाट यांमधील हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय येथील पर्यावरणरक्षणाचे यश किंवा अपयश उलगडत नाही.

समुद्राकडून डोंगराकडे चालत गेल्यास मालवणच्या भूमीचे पट्टे ओळीने भेटतात. लाटांना लागून पुळण, म्हणजे वाळूचा मोकळा किनारा. तिच्या माथ्यावर माडांच्या बागा आणि त्या बागांतच विखुरलेल्या घरांच्या वाड्या. त्यांच्या मागे पावसाळी भाताचे मळे, आणि जेथे पाणी टिकते तेथे वायंगण, म्हणजे हिवाळ्यात घेतले जाणारे भाताचे दुसरे पीक. खाडीच्या काठाने कांदळवने आणि खाजणे लागतात, तर चढणीवर भरड जमीन आणि तिच्याही वर जांभ्या दगडाचा सपाट सडा. यांपैकी कोणताही पट्टा एकाच कामापुरता राखलेला नव्हता. पुळणीवर होड्या ओढून ठेवल्या जात, जाळी वाळवली व विणली जात, मासळी सुकवली जात आणि रापण ओढली जात असे. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. ते कोणा एकट्याच्या ताकदीचे काम नसल्याने रापणकरांचे संघ बनत आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीने वाटे पडत. ही मासेमारी चालण्यासाठी मोकळी पुळण नौकेइतकीच आवश्यक असे. सडा उन्हाळ्यात उघडाबोडका दिसत असला, तरी पावसाळ्यात तो गुरांचे कुरण होई आणि त्याच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यावर पायथ्याच्या विहिरी व वायंगणे जगत.

एकाच जमिनीचे अनेक वापर कसे सांभाळले जात, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे खाजण. भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी खाडीच्या काठाने मातीचा बांध घालून जी जमीन लागवडीखाली आणली जाते, तिला खाजण किंवा खारजमीन म्हणतात. बांधात ठेवलेले दरवाजे ओहोटीला उघडून पावसाचे साचलेले पाणी बाहेर सोडले जाते आणि भरतीला ते बंद होऊन खारे पाणी आत येऊ देत नाहीत. पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाले की खारेपणा सोसणारे भात पेरले जाते, आणि कापणीनंतर त्याच खाजणातील पाण्यात मासे व कोळंबी मिळते. एका ठिकाणी बांध फुटला तर सगळ्यांचेच शेत बुडते, म्हणून बांधाची डागडुजी ही साऱ्या खातेदारांची सामायिक जबाबदारी असे. खाजणाचे अस्तित्व अशा रीतीने कोणा एकाच्या मालकीपेक्षा अनेकांच्या वेळेवर केलेल्या श्रमावर अवलंबून होते, आणि श्रमाची ती साखळी तुटली की जमीन पुन्हा खाडीच्या ताब्यात जाई.

या भूमीवरील राजकीय सत्ता प्रथम समुद्रासाठी आली आणि नंतर साऱ्यासाठी स्थिरावली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, आणि त्या किल्ल्याच्या आश्रयाने किनाऱ्यावरील बंदर व बाजारपेठ वाढली. पुढे हा भाग कोल्हापूर राज्याकडे राहिला आणि १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी सावंतवाडी संस्थानाने वेंगुर्लेही त्यांच्या स्वाधीन केले. रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनलेल्या या किनाऱ्यावर दक्षिण कोकणातील गुंतागुंतीच्या धारणापद्धती नांदत होत्या. काही गावांत खोत, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ, प्रबळ होता. तर काही ठिकाणी धारेकरी, म्हणजे आपल्या जमिनीचा ठरलेला सारा भरणारे कायम कब्जेदार, अधिक होते. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना लिखित रूप दिले, परंतु कुळांची परवड त्याने थांबली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या महसुली मोजणीचा परिणाम खोतीच्या प्रश्नापेक्षाही खोल होता. या मोजणीने जमिनीला क्रमांक, क्षेत्र, प्रत आणि आकार दिला. सारा ठरवणे हाच तिचा उद्देश असल्याने ज्या वापरातून सारा मिळत नव्हता, तो नोंदीत उतरला नाही. पुळण सरकारी पड ठरली. सड्याचा मोठा भाग पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून आकारणीतून वगळलेला, असा नोंदला गेला. कांदळवने निरुपयोगी दलदलीत जमा झाली. रापण ओढण्याची वहिवाट, गुरे चारण्याचा हक्क, खाडीतील शिंपले वेचणाऱ्या बायकांचा नित्याचा वावर यांपैकी कशालाही रकाना नव्हता. पुढील शतकात विकासाचे आणि संरक्षणाचेही जे आराखडे बनले ते याच नोंदींच्या आधारावर बनले, त्यामुळे सारावसुलीच्या सोयीसाठी झालेले हे वगळणे पर्यावरणधोरणातही वारशाने उतरले.

वसाहतकाळात किनाऱ्यावरील निर्बंधांचा अनुभव प्रथम मिठाच्या रूपाने आला. मिठावरील सरकारी मक्तेदारीमुळे समुद्राच्या पाण्यापासून मीठ बनवण्याच्या साध्या कामावर पहारा बसला, आणि मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर झालेल्या सत्याग्रहाने त्याला उघड आव्हान दिले. त्याच काळात शेतीवर न भागणाऱ्या कुटुंबांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोदीकडे जात होते. मालवण शहराची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत साडेएकोणीस हजारांच्या आसपास होती आणि २०११ च्या जनगणनेतही ती एकोणीस हजारांच्या आतच राहिली. एका शतकाहून अधिक काळ ज्या शहराची माणसे वाढली नाहीत, त्याच्या जमिनीवरचा ताण स्थानिक लोकसंख्यावाढीने समजावता येत नाही. तो ताण वाढला तो मुंबईतील चाकरमान्यांनी बांधलेली घरे, पर्यटकांसाठीच्या खोल्या आणि बाहेरून आलेली गुंतवणूक यांमुळे. महानगरांच्या अनुभवावर बेतलेले नगररचनेचे नियम येथे नीट लागू न पडण्याचे हे एक मूलभूत कारण आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी धारणेचा अन्याय मोठ्या प्रमाणात दूर केला. मुंबई खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ मध्ये झाला. १९४८ च्या कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी झाली. ही सुधारणा आवश्यकच होती आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि कूळ मालक झाला तरी गावाची सामायिक वहिवाट नोंदीबाहेरच राहिली. खाजणांच्या बाबतीत १९४८ चा खारभूमी कायदा आणि त्यानंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा यांनी बांध बांधण्याची आणि राखण्याची जबाबदारी शासकीय यंत्रणेकडे नेली. पक्के बंधारे उभे राहिले, परंतु सामूहिक डागडुजीची रीत मागे पडली आणि निधीअभावी जेथे बांध फुटला तेथे तो बुजवण्यासाठी गाव एकत्र येईनासे झाले. स्थलांतराने माणसे आधीच कमी झालेली असल्याने अनेक खाजणे ओस पडली आणि त्यांत कांदळवने पुन्हा उगवली. कागदावर मात्र ती जमीन शेतकऱ्याच्या नावे शेतीच राहिली.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मुक्त ठेवण्याची सूचना केली. भरतीरेषा म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथवर पोचते ती रेषा. या सूचनेला कायद्याचे बळ १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मिळाले. तिने किनाऱ्याची वर्गवारी केली: कांदळवने, प्रवाळ यांसारखे संवेदनशील भाग पहिल्या वर्गात, बांधकाम झालेले नागरी भाग दुसऱ्यात आणि ग्रामीण व तुलनेने मोकळा किनारा तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरला आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात मर्यादित बांधकामास वाव राहिला. राज्यांनी वर्षभरात तयार करावयाचे किनारा व्यवस्थापन आराखडे रेंगाळले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी ठोस निर्देश दिल्यावर महाराष्ट्राच्या आराखड्यास त्याच वर्षी केंद्राची मंजुरी मिळाली.

या नियमांनी मालवणचा किनारा मोठ्या इमारतींच्या रांगेपासून वाचवला, ही त्यांची निर्विवाद कामगिरी आहे. मात्र येथील वाड्या शतकानुशतके माडांच्या सावलीत, समुद्राला लागूनच वसलेल्या असल्याने ना-विकास क्षेत्र मोकळ्या जागेवर न पडता राहत्या घरांवर पडले. वाढत्या कुटुंबासाठी खोली काढणे किंवा मोडकळीस आलेले घर नव्याने बांधणे हे गाबीत मच्छीमारांसाठी परवानगीचे अवघड प्रकरण बनले, तर सातबाऱ्यावर साऱ्या भाऊबंदांची नावे असल्याने ती परवानगी मागण्यासाठी लागणारी संमतीही मिळेना. ज्यांच्याकडे वकील, वास्तुविशारद आणि कार्यालयीन खेपा घालण्यासाठी वेळ होता, त्यांना नियमांतून वाट काढता आली. ज्यांचा व्यवसायच किनाऱ्यावर होता, त्यांची घरे अनधिकृत ठरण्याच्या छायेत राहिली.

किनारा नियमनाच्या आधीच, १३ एप्रिल १९८७ रोजी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले होते. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या परिसरातील ३.१८ चौरस किलोमीटर हा त्याचा गाभा आणि उरलेला भाग त्याभोवतीचा संरक्षक पट्टा मानला गेला. खडकाळ तळ, प्रवाळ, समुद्री शैवाल आणि त्यांच्या आधाराने वाढणारी मत्स्यपिल्ले यांमुळे हा निर्णय शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय होता. परंतु ज्या कायद्याच्या चौकटीत तो घेतला गेला ती मुळात जमिनीवरील जंगलांसाठी घडलेली होती, आणि जंगलाप्रमाणे समुद्रालाही कुंपण पडणार या भीतीने मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला. राज्याच्या सागरी हद्दीतील अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितांचे रक्षण करण्याची तरतूद या कायद्यात आली ती १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. संरक्षणाचा हेतू योग्य आणि स्थळ योग्य असूनही क्रम चुकला: आधी सीमा आखली गेली आणि हक्कांचा विचार मागाहून आला. दरम्यान यांत्रिक नौकांच्या ट्रॉलिंगने आणि पुढे पर्ससीन जाळ्यांनी मासळी घटत असल्याची तक्रार हेच रापणकर आणि पारंपरिक मच्छीमार सातत्याने करीत होते. समुद्राच्या रक्षणात ज्यांचे हित सर्वाधिक होते, तेच अभयारण्याच्या विरोधात उभे राहिले, हे त्या चुकलेल्या क्रमाचे फलित होते.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वेवरून थेट वाहतूक सुरू झाली. तारकर्ली आणि देवबाग येथे घरातीलच एक-दोन खोल्या पर्यटकांना देण्याची न्याहारी निवासाची पद्धत रुजली, आणि नव्या बांधकामाशिवाय उत्पन्न देणारा हा वापर किनाऱ्याच्या जुन्या, बहुविध वापराशी सुसंगत ठरला. मोठ्या प्रकल्पांचा मार्ग वेगळा होता. तोंडवळी-वायंगणी परिसरात सी-वर्ल्ड या नावाने समुद्रविश्व दाखवणारा प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या शेकडो एकरांत सड्याचा मोठा भाग होता. नोंदीतील पडीक जमीन प्रकल्पास सोयीची वाटली; ग्रामस्थांना मात्र ती चराई, बागायत आणि पाण्याचा साठा यांच्याशी बांधलेली जमीन दिसत होती, आणि त्यांचा विरोध दीर्घकाळ टिकला. सड्याच्या कथित निरुपयोगीपणाचा आणखी एक प्रतिवाद मालवण तालुक्यातीलच कुडोपीने दिला: तेथील कातळावर कोरलेली प्राचीन खोदचित्रे कोकणातील इतर स्थळांसह २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली.

किनारा आणि त्यामागचा घाट यांचे नाते धोरणात फार उशिरा उमटले. सह्याद्रीतून येणारी गड नदी कालावल खाडीतून आणि कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, त्यामुळे डोंगरातील खाणकाम आणि वृक्षतोड यांचे परिणाम खाडीपर्यंत पोचतात. कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीविरुद्धच्या आंदोलनाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुऱ्यांचा विचार तात्पुरता थांबवला आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाकडे या जिल्ह्यांचा विशेष अभ्यास सोपवला. त्या गटाच्या २०११ च्या अहवालाचा गाभा असा, की कोठे काय राखायचे याचा निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून घ्यावा. सिंधुदुर्गातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव केल्याची नोंदही त्यात आहे. स्थानिक लोक संरक्षणाच्या विरोधात असतात या रूढ समजाला या ठरावांनी छेद दिला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सावंतवाडी-दोडामार्ग या वन्यजीवांच्या भ्रमणमार्गातील पंचवीस गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले.

कांदळवनांच्या इतिहासात चुकलेला क्रम दुरुस्त होण्याची शक्यता प्रथम दिसली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर आणि त्यांवरील भरावावर बंदी घातली; २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. ओस खाजणांत उगवलेली कांदळवने या आदेशाने संरक्षित झाली, परंतु त्या जमिनीचा सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला तिच्यावर भात घेता येईना की मोबदलाही मिळेना. याच सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला आणि त्यात कांदळवनांतील खेकडापालन, कालवांची शेती आणि ट्रॉलरच्या जाळ्यात लहान मासळी निसटून जाईल अशी चौकोनी आसाची पिशवी अशा उपक्रमांना बळ देण्यात आले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने पर्यटकांना होडीतून कांदळवने दाखवण्याचा व्यवसाय उभा केला. तेथे झाड तोडण्यापेक्षा राखण्यात उत्पन्न आहे हे प्रत्यक्षात उतरले, कारण राखणारे आणि उपजीविका मिळवणारे हात एकच होते.

नियमांनीही या दिशेने काही पावले टाकली आहेत. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मालवण व आचरा-रत्नागिरी यांचा समावेश अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत केला आणि अशा क्षेत्रांचे व्यवस्थापन मच्छीमारांसह किनारी समुदायांच्या सहभागाने व्हावे असे म्हटले. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना राहत्या घरात, त्याचे स्वरूप न बदलता, पर्यटक ठेवण्याची मुभा दिली. त्याचबरोबर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागांत ना-विकास क्षेत्र २०० वरून ५० मीटरवर आणण्याचा मार्गही खुला केला. सिंधुदुर्गाची सरासरी घनता २०११ मध्ये १६३ होती, त्यामुळे जिल्ह्यातील विरळ वस्तीच्या किनाऱ्याला जुनाच २०० मीटरचा नियम लागू राहतो. देवबागसारख्या एका बाजूस कर्ली आणि दुसऱ्या बाजूस समुद्र असलेल्या चिंचोळ्या भूभागावर तर भरतीरेषाच धूप होऊन सरकत आहे. दगडी बंधारे घालून ती थोपवण्याचा प्रयत्न होतो, पण त्याच बंधाऱ्यांनी होड्या ओढण्याची पुळण अडते. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सोळाशेहून अधिक किनारी गावांसाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केल्याने, नवी मुंबई वसवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेकडे विखुरलेल्या वाड्यांच्या नियोजनाचे काम आले.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष नियम सैल करावेत असा नाही. मालवणची पुळण, प्रवाळ आणि कांदळवने आज जेवढी शिल्लक आहेत, त्यांत १९८७, १९९१ आणि २००५ च्या निर्णयांचा वाटा आहे आणि ते निर्णय सोडून देणे घातक ठरेल. निष्कर्ष असा, की सारावसुलीसाठी तयार झालेल्या नोंदींवर पर्यावरणाचे रक्षण उभे करता येत नाही. रापण कोठे ओढली जाते, होड्या कोठे ठेवल्या जातात, कोणते खाजण पिकते आणि कोणते कांदळवनाला सोडण्याजोगे आहे, कोणत्या सड्याचे पाणी कोणत्या वाडीला मिळते, याची नोंद गावागावांत ग्रामसभेच्या मान्यतेने होऊन ती किनारा व्यवस्थापन आराखड्याचा आणि प्रादेशिक योजनेचा कायदेशीर आधार बनली पाहिजे. जैवविविधता कायद्याखालील लोकनोंदवही आणि ग्रामसभेचे घटनात्मक स्थान यांमुळे त्यासाठीची साधने उपलब्ध आहेत. खाजणाचा जो धारक कांदळवन राखतो, त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि पिढ्यान्पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमाराचे घर आणि बाहेरून आलेले विश्रामगृह यांना एकच नियम लावणे थांबले पाहिजे. बांध फुटल्यावर गाव धावत असे, कारण तो गावाचा होता. किनाऱ्याच्या रक्षणाचे नियमही गावाने घडवलेले असतील, तरच ते पाळले जातील आणि टिकतील.